बॉलपार्क पाडायच्या आधी: जुनं स्टेडियम वाचवण्याची तयारी कशी करायची

२० एप्रिल १९१२ ला अमेरिकेत एकाच दिवशी दोन नव्या बेसबॉल स्टेडियममध्ये पहिला अधिकृत सामना झाला. बॉस्टनला फेनवे पार्क आणि डेट्रॉईटला नेव्हिन फील्ड, म्हणजे पुढचं टायगर स्टेडियम. दोन्ही पोलाद-काँक्रीटची, दोन्ही शहराच्या ऐन वस्तीत, दोन्हींवर जीव टाकणारी माणसं. फेनवेत आजही नियमित हंगामाचे ८१ घरचे सामने होतात. टायगर स्टेडियम २००८-०९ मध्ये पाडलं गेलं.

डेट्रॉईटच्या लोकांचं प्रेम कमी पडलं असं कुणी म्हणू नये. २० एप्रिल १९८८ ला त्यांनी हातात हात गुंफून स्टेडियमला अक्षरशः मिठी मारली होती. तरीही ते गेलं. म्हणून ‘आमच्या आजोबांनी इथे सामना पाहिला’ या मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नका. सुनावणीत तो मुद्दा सगळे डोळे ओले करून ऐकतात आणि मग पाडण्याच्या बाजूने हात वर करतात. समितीपुढे जाताना हातात मोजमापं हवीत, काँक्रीटचा अहवाल हवा, पैशाचं गणित हवं आणि उद्या मालकाने विचारलं तर टेबलावर ठेवता येईल असा आराखडा हवा. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींच्या गावात असं एखादं जुनं बॉलपार्क धोक्यात आहे, त्यांना आणि एकूणच जुन्या क्रीडावास्तूंमध्ये रस असणाऱ्यांना ही तयारी उपयोगी पडेल.

नेमकं काय वाचवायचं, ते आधी लिहा

‘स्टेडियम वाचवा’ ही मागणी फार ढोबळ आहे. समोरचा लगेच म्हणतो, ‘बरं, भिंतीचा एक तुकडा ठेवू.’ बॉस्टनमध्ये १९९९ साली असंच झालं. क्लबने रस्त्यापलीकडे नवीन फेनवे बांधायची योजना मांडली. मैदानाची मापं जुनीच, डावीकडची उंच भिंतही नव्याने उभारायची आणि मूळ वास्तूचा थोडा भाग आठवणीला राखायचा. ऐकायला काय वाईट आहे? म्हणूनच आपली यादी आधीच तयार असावी लागते.

क्रिकेट पाहत वाढलेल्यांसाठी एक खुलासा. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं (धावताना गाठायच्या टप्प्यांमधलं) अंतर सगळीकडे ९० फूट आणि पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पट्टीपासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाजाच्या जागेपर्यंत, ६० फूट ६ इंच. त्यापलीकडचं आउटफिल्ड मात्र प्रत्येक मैदानाचं वेगळं. १ जून १९५८ नंतर बांधलेल्या मैदानांना डाव्या-उजव्या रेषेवर किमान ३२५ फुटांची अट आहे, जुन्यांना ती लागू नाही. (काही नव्या मैदानांनाही सूट मिळालेली आहे, तो भाग वेगळा.) फेनवेत डावीकडे ३१० फूट आणि उजवीकडे, पेस्कीज पोल नावाच्या सीमेवरच्या खांबापाशी, फक्त ३०२ फूट. डावी बाजू आखूड पडली कारण पाठीमागे लॅन्सडाउन स्ट्रीट होता. जागा संपली म्हणून भिंत वर गेली: ३७ फूट २ इंच. हीच ती ग्रीन मॉन्स्टर, हिरवी झाली ती १९४७ मध्ये. इतर मैदानावर आरामात झेल जाणारा उंच फटका इथे भिंतीला लागतो आणि डबल (दोन बेस) होतो. उलट इतरत्र होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा) ठरणारा सरळ, सपाट फटका इथे भिंतीवर आदळून कधीकधी सिंगलवर (एका बेसवर) भागवतो. शहराच्या रस्त्याने खेळाचा निकाल बदलतो, आणि हा परिणाम धावफलकात दिसतो. ‘जपण्याजोगं का’ याचं उत्तर इतक्या नेमकेपणाने देता यायला हवं.

मग मैदानावर जा आणि तीन रकाने आखा: हात लावायचा नाही, दुरुस्त करून ठेवायचं, बदललं तरी चालेल. घाई करू नका, एकेका भागापाशी थांबा. मॉन्स्टरवर एक शिडी आहे, जमिनीपासून सुमारे १३ फुटांवर सुरू होऊन भिंतीच्या माथ्यापर्यंत जाणारी. १९३६ मध्ये भिंतीवर २३ फुटी जाळी लावली होती, लॅन्सडाउन स्ट्रीटवरच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून. जाळीत अडकलेले चेंडू काढायला मैदानाचे कामगार या शिडीने चढायचे. २००३ मध्ये माथ्यावर खुर्च्या बसवल्या तेव्हा जाळी गेली आणि शिडीचं कामच संपलं. तरी ती जागेवर आहे, आणि चालू खेळात चेंडू तिला लागून कुठेही उडू शकतो. हिशेबी अभियंता पहिल्या तासात ती ‘बदललं तरी चालेल’च्या रकान्यात टाकेल. तुमच्या यादीत ती पहिल्या रकान्यात हवी आणि पुढे एका ओळीत कारण हवं.

तोच न्याय भिंतीच्या पायथ्याच्या हाताने चालवायच्या धावफलकाला. धावा आणि हिट्सच्या पाट्या १६ बाय १६ इंची, प्रत्येकी ३ पौंडांच्या, आत बसलेला माणूस फटीतून सामना बघत बदलतो. ‘इलेक्ट्रॉनिक बोर्ड लावला की दिसेल तसंच’ हे खरं आहे, पण तेव्हा तो बोर्ड असतो, धावफलक नव्हे.

दुसऱ्या रकान्यात १९३४ च्या नूतनीकरणातल्या ओक लाकडाच्या खुर्च्यांसारख्या गोष्टी. त्या अरुंद आहेत, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. तिसऱ्या रकान्यात स्वच्छतागृहं, स्वयंपाकघरं, वायरिंग, खेळाडूंच्या खोल्या. इथे उदार व्हा. प्रत्येक नळ ऐतिहासिक आहे म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

नमुना हवा असेल तर शिकागो शहराने २००४ मध्ये तिथल्या रिग्ली फील्ड या जुन्या बॉलपार्कला दिलेला वारसा-दर्जा पाहा. त्यात सरसकट सगळं गोठवलेलं नाही. प्रवेशद्वारावरची लाल पाटी, वेलीने झाकलेली विटांची भिंत, मधला धावफलक, ग्रँडस्टँडची सलग मोकळी ओळ असे भाग नाव घेऊन राखले आहेत. त्यामुळेच पुढे मोठं नूतनीकरण करता आलं, खेळाडूंची खोली बाहेरच्या चौकाखाली जमिनीत नेता आली आणि वेलही राहिली.

खांबांचा वाद

विरोधकांचं आवडतं हत्यार म्हणजे वरचा मजला आणि छत पेलणारे खांब. ‘खांबाआड बसून सामना कोण बघणार?’ तक्रार खरी आहे, पण ती मोजून दाखवावी लागते. समोर एक फूट रुंदीचा खांब तुमच्यापासून ६ फुटांवर असेल, तर १८० फुटांवर तो ३० फुटांचा पट्टा झाकतो. तोच खांब ३० फुटांवर असेल तर १८० फुटांवर फक्त ६ फूट. साधं समरूप त्रिकोणांचं गणित. म्हणजे खरोखर वाया जाणाऱ्या खुर्च्या खांबाच्या लगेच मागच्या दोन-तीन ओळींत असतात.

प्रत्येक विभागात बसून बघा आणि खुर्चीनिहाय नोंद करा: होम प्लेट दिसते का, पिचर दिसतो का, पहिला आणि तिसरा बेस दिसतो का. चारपैकी दोन दिसत नसतील तर ती खुर्ची लाल. बाकी सगळ्या ‘अडथळ्याच्या’ म्हणून मोजू नका, विरोधक तेच करतात. लाल खुर्च्या काढून तिथे चाकाच्या खुर्चीची जागा, कॅमेऱ्याची जागा किंवा नुसता टेकायचा कट्टा करता येतो.

आता उलटं माप घ्या. लेझर अंतरमापकाने वरच्या मजल्याच्या पहिल्या ओळीपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर मोजा आणि नव्या प्रस्तावित नकाशातल्या त्याच ओळीशी ताडून बघा. खांब असले की वरचा मजला खालच्याच्या डोक्यावर पुढे आणता येतो. खांब काढले की तोच मजला मागे जातो, मधे लक्झरी बॉक्सेसचे थर आले की वरही जातो. टायगर स्टेडियममध्ये उजवीकडचा वरचा मजला मैदानावर सुमारे १० फूट पुढे झुकलेला होता. स्वस्त तिकीटवाला खेळाडूच्या चेहऱ्याचे भाव बघू शकायचा तो या खांबांच्या जिवावर. दोन्ही आकडे एकाच कागदावर ठेवा: इतक्या खुर्च्या खांबाने अडतात, इतक्या हजार खुर्च्या खांबामुळे जवळ येतात. खांबाच्या वादाला दिलेलं यापेक्षा चांगलं उत्तर आमच्या पाहण्यात नाही.

काँक्रीट काय बोलतं ते ऐका

मुंबईच्या सोसायटीत ज्याला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात, तेच इथे हवं, आणि ते पाडू इच्छिणाऱ्याने करवून घेण्याआधी तुम्ही करवून घ्या. ‘वास्तू धोकादायक’ हा शेरा एकदा वर्तमानपत्रात आला की पुसला जात नाही. २००४ मध्ये रिग्ली फील्डच्या वरच्या मजल्याखालून काँक्रीटचे तुकडे पडले आणि खाली जाळ्या बांधाव्या लागल्या. स्टेडियम टिकलं, कारण दुरुस्ती लगेच हाती घेतली गेली. दोष लपवलेला निघाला की सगळा विश्वास जातो.

१९१० च्या दशकातल्या काँक्रीटचा एक स्वभाव लक्षात ठेवा. काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडण्याचं तंत्र अमेरिकेत १९३० च्या दशकात आलं. त्याआधीच्या काँक्रीटमध्ये शिरलेलं पाणी गोठून फुगलं तर त्याला जागाच नसते, म्हणून ते आतून चिरफळतं. बॉस्टन, शिकागो, डेट्रॉईट ही सगळी थंडीत गोठणारी गावं. त्यात हंगामात प्रत्येक सामन्यानंतर बसायच्या पायऱ्या पाण्याने धुतल्या जातात. शत्रू पाणी आहे, वय नव्हे. हे वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर असू द्या.

तपासणीचा क्रम असा. साधारण अर्धा किलोचा हातोडा घेऊन खालच्या बाजूने, म्हणजे पायऱ्यांच्या पोटाला, फूटभर अंतराने ठोका. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं, थर सुटलेला असेल तर बद्द आवाज येतो. सपाट पृष्ठभागावर साखळी ओढली तरी तोच फरक ऐकू येतो. बद्द जागा खडूने वेढा आणि विभाग-ओळ-खुर्ची या पत्त्याने नकाशावर भरा. मग सळयांचा ठाव घेणाऱ्या यंत्राने सळया चुकवून ३ ते ४ इंच व्यासाचे कोअर (काँक्रीटचे दंडगोल नमुने) काढा, प्रत्येक वेगळ्या काळातल्या बांधकामातून किमान तीन. फेनवेत १९१२ आणि १९३४ ची कामं शेजारी-शेजारी आहेत. त्यांना एक समजून सरासरी काढली तर दोन्हींबद्दल चुकीचं उत्तर मिळतं. कोअरच्या ताज्या तुटलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारा. गुलाबी झालं तिथे काँक्रीट अजून सळईला गंजापासून सांभाळतंय, रंगहीन राहिलं तिथे तो गुण संपला. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला का, हा प्रश्न. शिवाय वेगवेगळ्या खोलीवर क्लोराईड (मिठातला, सळई गंजवणारा घटक) मोजा, हिवाळ्यात कुणी बर्फ वितळवायला मीठ टाकलं असेल तर तिथे सापडेल. अर्धघट चाचणीत, म्हणजे सळईचा विद्युत-दाब मोजून गंज ओळखण्याच्या चाचणीत, कॉपर-सल्फेट प्रोबवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर धरतात.

गळती शोधताना दोन जागा आधी बघा. पहिली, खुर्च्यांचे बोल्ट. खुर्चीचा पाय पायरीच्या सपाट भागात बोल्टने बसवला असेल तर प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडं दार. नूतनीकरणात हेच ब्रॅकेट पायरीच्या उभ्या बाजूला नेले की निम्मी डोकेदुखी जाते. दुसरी जागा म्हणजे प्रसरण-सांधे. त्यातलं सीलंट सगळ्यांत आधी मरतं आणि पाणी थेट खालच्या लोखंडी गर्डरवर पडतं.

दुरुस्तीत चुका ठरलेल्या असतात. खराब भागाच्या कडा करवतीने साधारण अर्धा इंच सरळ कापायच्या, पण सळई कापायची नाही. कडा निमुळत्या ठेवून वरून मसाला फासला की दोन हिवाळ्यांत पोपडा सुटतो. तोडायला हलका, सातेक किलोचा ब्रेकर वापरा. जडाने तोडलं तर चांगल्या काँक्रीटमध्येही केसासारख्या भेगा जातात. गंजलेली सळई उघडी पडली की तिच्यामागे सुमारे पाऊण इंच जागा मोकळी करा, म्हणजे नवा मसाला तिला सगळीकडून धरतो. सळई चकचकीत होईपर्यंत साफ करा. पाव जाडी खाल्ली गेली असेल तर शेजारी नवी सळई जोडा. मसाला भरण्याआधी जुना पृष्ठभाग आतून ओला पण वरून पाणी न साचलेला हवा, आणि नंतर सात दिवस ओला ठेवा.

आणि सगळ्यांत फसवी गोष्ट: नवा ठिगळ बसला की त्याच्या आजूबाजूच्या जुन्या काँक्रीटमधली सळई जास्त वेगाने गंजायला लागते. कंत्राटदार निर्दोष असतो, काम उत्तम झालेलं असतं, आणि तीन वर्षांनी ठिगळाभोवती नवा बद्द आवाज येतो. क्लोराईड जिथे जास्त, तिथे ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे छोटे बळी-ॲनोड बांधा. ते आधी गंजतात, सळई वाचते.

बेसबॉलचा हंगाम संपतो ऑक्टोबरात, पुन्हा दार उघडतं मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला. म्हणजे सगळं काँक्रीटकाम थंडीत. ५ अंश सेल्सियसखाली मसाला टाकायचा नाही, त्यामुळे तंबू आणि हीटर लागणार. इथे धूर बाहेर न सोडणारा हीटर कधीही लावू नका. त्याच्या कार्बन डायऑक्साईडने ताज्या काँक्रीटचा वरचा थर भुसभुशीत होतो आणि वसंतात हात फिरवला की पीठ निघतं. गरम हवा आत, धूर बाहेर, असा हीटर मागवा. महाग पडतो, पण काम दोनदा करणं अधिक महाग.

लोखंडाचं थोडक्यात. खांब जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे गंजाचं कडं असतंच, फरशी फोडून बघा. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून घासण्याआधी चाचणी आणि बंदिस्त व्यवस्था. वेल्डिंगचा मोह आवरा: त्या काळच्या पोलादात गंधक-फॉस्फरस जास्त असू शकतं, वेल्डच्या कडेने तडा जातो. आधी नमुना कापून तपासा, शंका असली तर बोल्ट.

कागद: कुठला दर्जा खरोखर वाचवतो

इथे बहुतेक गट फसतात. नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेसमध्ये (ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत) नाव लागलं की स्टेडियम सुरक्षित झालं, असं त्यांना वाटतं. टायगर स्टेडियमचं नाव १९८९ मध्येच त्यात होतं. ही नोंद सन्मानाची आहे. संघराज्य सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतला असेल तर सरकारी यंत्रणेला परिणामांचा विचार करायला लावते, त्यापलीकडे मालकाला पाडण्यापासून रोखत नाही. रोखू शकतो तो शहराचा स्थानिक वारसा-दर्जा, आणि तोही शहराच्या नियमांत दात असतील तर. आधी तुमच्या शहराचा वारसा-अध्यादेश वाचा: पाडकामाला मनाई आहे की फक्त काही महिन्यांची स्थगिती?

तरीही नॅशनल रजिस्टरचा अर्ज कराच, कारण पैसा त्या दाराने येतो. साधारणपणे वास्तू ५० वर्षांची हवी आणि तिचं महत्त्व घटना, व्यक्ती, रचना यांपैकी कशाशी तरी जोडून दाखवावं लागतं. खासगी मालकाने हरकत घेतली तर नोंद होत नाही, पण ‘पात्र’ असा निर्णय मिळू शकतो. फेनवेची नोंद ७ मार्च २०१२ ला झाली, शंभरी भरायच्या तोंडावर.

नोंद झालेल्या, उत्पन्न देणाऱ्या वास्तूच्या मान्य दुरुस्तीखर्चावर २० टक्के संघीय करसवलत मिळते. १ कोटी डॉलर खर्च असेल तर २० लाख, पाच वर्षांत विभागून, दर वर्षी ४ लाख. अर्ज तीन भागांत: महत्त्व, प्रस्तावित काम, पूर्ण झालेलं काम. राज्याच्या वारसा कार्यालयातून तो नॅशनल पार्क सर्व्हिसकडे जातो. दुसऱ्या भागाची मंजुरी मिळण्याआधी काम सुरू केलं, की धोका तुमचा. कामाआधीचे फोटो नसतील तर अर्ज तिथेच अडतो, आणि पाडून झालेल्या भिंतीचा ‘आधीचा’ फोटो कुठून आणणार? जमीन, नव्याने वाढवलेला भाग, पार्किंग यांचा खर्च धरत नाहीत.

दोन अटी स्टेडियमला विशेष नडतात. एक, २४ महिन्यांत केलेला खर्च करहिशेबात धरलेल्या वास्तूच्या किमतीपेक्षा जास्त हवा. फक्त हिवाळ्यात काम होत असताना हे अवघड. टप्प्याटप्प्याच्या कामाला ६० महिने मिळतात, पण टप्पे वास्तुविशारदाच्या नकाशांत काम सुरू होण्याआधीच मांडलेले हवेत. मागाहून ‘आमचंही टप्प्याटप्प्याचंच होतं’ म्हणता येत नाही. दोन, करसवलत कर भरणाऱ्यालाच उपयोगाची. स्टेडियम शहराच्या मालकीचं असेल तर दीर्घ भाडेपट्टा लागतो. खर्च करणाऱ्या भाडेकरूच्या पट्ट्याची अनिवासी वास्तूसाठी किमान ३९ वर्षं शिल्लक हवीत. ही दोन कलमं माहीत असलेला वकील आधी गाठा, आराखड्याची चित्रं काढणारा नंतर.

आराखडा तयार ठेवा आणि वेळ काढा

डेट्रॉईटच्या चाहत्यांकडे आराखडा नव्हता असंही नाही. १९९० मध्ये त्यांनी जुनंच स्टेडियम सुधारण्याचा कॉक्रेन प्लॅन मांडला होता, व्यवस्थित नकाशांसह. १९९२ मध्ये मतदारांनी नव्या स्टेडियमवर शहराचा पैसा घालायला मनाई केली. १९९६ मध्ये मात्र कौल फिरला, जागा आणि पैसा दोन्ही जमले, आणि २७ सप्टेंबर १९९९ ला जुन्या मैदानावर शेवटचा सामना झाला.

बॉस्टनमध्ये १९९८ पासून ‘सेव्ह फेनवे पार्क’ गट काम करत होता. ऑगस्ट २००० मध्ये त्यांनी वास्तुविशारदांना एकत्र बसवून जुन्याच जागेत काय-काय करता येईल याचे नकाशे काढून घेतले. नव्या स्टेडियमचा खर्च पन्नास कोटी डॉलरच्या वर जात होता, जमिनी ताब्यात येत नव्हत्या. तेवढ्यात क्लब विकायला निघाला. २००२ मध्ये आलेल्या मालकांनी जुनं मैदान दुरुस्त करता येतं का हे करून बघितलं. २००३ मध्ये मॉन्स्टरवरच्या खुर्च्या, २००४ मध्ये उजव्या छतावरचा मजला, मग दर हिवाळ्यात एकेक भाग. इथेच राहणार ही घोषणा त्यांनी २००५ मध्ये केली, म्हणजे तीन हिवाळ्यांचं काम पदरात पडल्यावर.

याचा व्यवहारी अर्थ असा की मालकाचं मन वळवण्यात सगळी ताकद घालवू नका. मन वळणार नसेल तर मालक बदलेपर्यंत पाडकाम लांबवा. जमीन-संपादनाच्या हरकती, वाहतूक-अभ्यासाची मागणी, सार्वजनिक पैशावर मतदान. सुनावणीत प्रत्येकाला साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. दहा जणांनी तेच प्रेमाचं भाषण करण्यापेक्षा एकाने खांब, एकाने काँक्रीट, एकाने करसवलत, एकाने शेजारच्या दुकानांचं उत्पन्न असं वाटून घ्या.

आराखड्यात उत्पन्नाचा कागद सगळ्यांत वर. फेनवेची बैठक जेमतेम ३७-३८ हजारांची. पण कमी खुर्च्या म्हणजे दुर्मीळ तिकीट: मे २००३ ते एप्रिल २०१३ इथे सलग ८२० सामने हाउसफुल गेले. नवीन उत्पन्न कुठून, हे जागेसकट दाखवा. फेनवेने सामन्याच्या दिवशी लगतचा रस्ता कुंपणात घेऊन खाण्यापिण्याची जागा वाढवली, एक वीटही न हलवता. असल्या कल्पना टेबलावर आणणारा माणूस कारकून वाटतो, आणि समित्यांना कारकून आवडतात.

संघच निघून गेला असेल तर वेगळं गणित. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं रिकवुड फील्ड १९१० चं. १९९२ पासून ‘फ्रेंड्स ऑफ रिकवुड’ने ते थोडंथोडं सांभाळलं, आणि २० जून २०२४ ला तिथे मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च पातळीचा, सामना झाला. न्यू जर्सीतल्या पॅटरसनचं हिंचलिफ स्टेडियम, जिथे कृष्णवर्णीयांच्या नीग्रो लीग्जचे सामने व्हायचे, पंचवीसेक वर्षं बंद राहून २०२३ मध्ये उघडलं. तिथे युक्ती अशी की स्टेडियमसोबत ज्येष्ठांसाठीची घरं आणि पार्किंगची इमारत एकाच प्रकल्पात बांधली, म्हणजे घरबांधणीचा निधीही हाताशी आला. एकटं स्टेडियम क्वचितच स्वतःचं पोट भरतं.

हरलात तर

पाडकामाची तारीख ठरली तर रडण्याआधी मोजून घ्या. लेझर स्कॅन, प्रत्येक विभागाचे मापासह फोटो, मूळ नकाशांच्या प्रती. होम प्लेट, तिन्ही बेस, फाउल पोल (सीमारेषेवरचे खांब) आणि ध्वजस्तंभ यांचे सर्व्हे कोऑर्डिनेट्स भूमापकाकडून लिहून घ्या, कारण बुलडोझर फिरल्यावर ‘इथेच कुठेतरी होती’ एवढंच उरतं. पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डची आउटफिल्ड भिंत अजून उभी आहे आणि होम प्लेट विद्यापीठाच्या इमारतीत जमिनीवर काचेखाली आहे. डेट्रॉईटमध्ये १२५ फुटी ध्वजस्तंभ तोडला नाही. आज त्याच जागेवर मुलांचं मैदान आहे आणि तो स्तंभ सेंटर फील्डमध्येच उभा आहे. पाडकामाच्या निविदेत ‘ध्वजस्तंभ जागेवर राखणे’ असं कलम स्वतंत्र ओळीत घालून घ्या, किमतीसकट. तोंडी आश्वासनावर सोडलेली वस्तू भंगाराच्या वजनात मोजली जाते.